पुढची खुर्ची तुमच्या भावाची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही भांडुपला राहता. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, बी.कॉम. झालेला, अंधेरीला एका ऑफिसात नोकरीला होता. गेल्या पावसाळ्यापासून त्याचं बिनसलं. गाडीतले लोक आपल्याबद्दलच बोलतात, मोबाइलमधून कुणीतरी पाळत ठेवतंय असं म्हणायला लागला, रात्र रात्र जागू लागला, नोकरी गेली. तीन आठवड्यांपूर्वी पालिकेच्या रुग्णालयात दाखवलं, तिथे ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ऐकायला मिळाला आणि गोळ्या सुरू झाल्या. येत्या गुरुवारी पुन्हा बोलावलंय. तुमचं विचारणं असं की डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं देतात, त्यात काय विचारू? भावाला न कळता त्यांच्याशी बोलता येईल का? आणि तो गोळी घेत नाही म्हणून आई ती डाळीत मिसळते, हे डॉक्टरांना सांगावं की लपवावं?

मी डॉक्टर नाही. मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून २१ वर्षं काम करतेय. डॉक्टरांच्या टेबलाला लागूनच माझं टेबल. त्यामुळे कुठली गोळी, किती डोस, हे मी सांगणार नाही. पण नातेवाईक काय सांगून जातात आणि केसपेपरवर काय उतरतं, यात किती फरक पडतो ते रोज डोळ्यांसमोर घडतं. त्यावर मात्र बोलू शकते.

डाळीपासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. सांगा. लपवू नका. डॉक्टर ओरडतील ही भीती काढून टाका. आमच्या ओपीडीत ही गोष्ट नवी नाही. कुणी डाळीत घालतं, कुणी चहात, कुणी कांदेपोह्यांत. आईला दोष देण्यातही अर्थ नाही. पोरगं रात्रभर दाराला कान लावून बसलेलं बघवत नाही, म्हणून ती करते. पण होतं काय ते बघा. त्या दिवशी भाऊ बाहेर वडापाव खाऊन आला, की डोस बुडाला. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धीच वाटी डाळ खाल्ली, की अर्धा डोस. राहिलेली डाळ आजीने संपवली, की आजी दुपारभर झोपलेली. डॉक्टरांना वाटतं, गोळी पूर्ण पोटात जातेय आणि तरी गुण नाही. मग ते डोस वाढवतात किंवा औषध बदलतात. म्हणजे उपचार चालतात एका काल्पनिक माणसावर.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे यायचा. त्याचा पक्का समज होता की घरचे आपल्या जेवणात काहीतरी कालवतात. आम्ही सगळे त्याला समजावत होतो की तसं काही नाही, आजारामुळे तुला तसं वाटतं. एके दिवशी त्याला वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. घरचे खरोखरच कालवत होते. त्या दिवसानंतर त्याने आमच्यावर विश्वास ठेवावा तरी कशाला? पुढची दोन वर्षं तो घरचं अन्न खात नव्हता, पाव आणि केळ्यांवर राहायचा. तुमच्या भावालाही ‘माझ्यावर पाळत आहे’ असंच वाटतंय, म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं.

गुरुवारी हे कसं सांगायचं? खुर्चीवर बसल्या बसल्या भावासमोर बॉम्ब टाकू नका. ही एकच गोष्ट मी डॉक्टरांना आधी वेगळी सांगायला सांगते. केसपेपर आत जाईल तेव्हा बाहेरच्या टेबलावरच्या समाजसेविकेला किंवा सिस्टरना गाठा आणि म्हणा, ‘तो आत येण्याआधी डॉक्टरांना एक मिनिट भेटायचंय.’ मग मोजक्या शब्दांत: ‘गोळी तो स्वतः घेत नाही. इतके दिवस आई डाळीतून देतेय, रोज पूर्ण जाते की नाही माहीत नाही.’ झालं. पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. काही औषधं जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या गोळीत मिळतात. काहींची इंजेक्शनं येतात, ती औषधाप्रमाणे दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने एकदा घ्यायची असतात. रोजच्या कटकटीला कंटाळलेली कितीतरी मुलं स्वतःहून ‘त्यापेक्षा इंजेक्शन द्या’ म्हणतात, पण त्यांना असं काही असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि डाळीची गोष्ट भावाला कधीतरी कळलीच पाहिजे. ती आईने स्वतः सांगितलेली बरी. ‘मी घाबरले होते, म्हणून केलं, आता नाही करणार’ एवढंच. कधी सांगायची ते डॉक्टरांना विचारून ठरवा. तोवर आईने मनानेच सगळं बंदही करू नये. औषध अचानक तुटण्याचे आपले धोके असतात. गुरुवारपर्यंत थांबवत नसेल तर आधीच्या ओपीडीला केसपेपर घेऊन जा.

आता ‘भावाला न कळता’ या प्रश्नाकडे. तुम्ही काही वाईट हेतूने विचारलेलं नाही, पण या सवयीला मी फार घाबरते. डॉक्टरांच्या टेबलापुढे सहसा दोन खुर्च्या असतात. आमच्याकडे बहुतेक वेळा असं दिसतं की पुढच्या खुर्चीत आई किंवा बहीण, मागच्या भिंतीला टेकून तो उभा. मग बोलणं त्याच्या डोक्यावरून चालतं. ‘हा आंघोळ करत नाही, हा रात्री हसतो, ह्याला समजवा जरा.’ चोवीस वर्षांचा माणूस तिथेच उभा आहे आणि त्याच्याबद्दल ‘हा’, ‘ह्याला’ चाललंय. पुढच्या वेळी तो यायला नाही म्हणतो आणि घरचे म्हणतात, आजारामुळे येत नाही.

पुढची खुर्ची त्याची. तुम्ही बाजूला. डॉक्टर सवयीने तुमच्याकडे बघून विचारतीलच, ‘कसा आहे?’ तेव्हा तुम्ही त्याच्याकडे वळून म्हणा, ‘तू सांग, राहिलं तर मी सांगते.’ तो गप्प राहिला तर राहू दे दहा सेकंद. तुम्हाला जे सांगायचंय तेही त्याच्या समोरच सांगा, पण निवाडा न करता. ‘तो उगाच संशय घेतो’ असं नको. ‘तो म्हणतो की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी बघतं, म्हणून त्याने खिडकीला पेपर चिकटवलाय. आम्हाला तिथे कुणी दिसलं नाही,’ असं. यात तो खोटा पडत नाही आणि डॉक्टरांना हवं ते कळतं.

‘पण त्याला तर काही झालंच नाही असं वाटतं’, हे तुम्ही लिहिलंय. बहुतेकांना सुरुवातीला तसंच वाटतं. तो हट्ट नाही, या आजाराचाच भाग आहे. ज्या मेंदूने स्वतःला तपासायचं तोच आजारी आहे. त्यामुळे ‘तुला स्किझोफ्रेनिया झालाय, मान्य कर’ असा वाद घरात घालू नका. त्यातून आजवर कुणी काही मान्य केलेलं मी बघितलेलं नाही. त्याला कशाचा त्रास होतोय ते शोधा. जवळजवळ प्रत्येकाचा एक त्रास असतो जो तो स्वतःही कबूल करतो, आणि बहुतेकदा तो झोपेचा असतो. ‘कानात येणारे आवाज घालवायला गोळी घे’ म्हटलं तर भांडण. ‘चार तास तरी सलग झोप लागावी म्हणून डॉक्टरांशी बोलू’ म्हटलं तर चप्पल घालून तयार. याला मी फसवणूक म्हणत नाही. झोप ही त्याची खरी अडचण आहे आणि औषधाने ती सुधारते.

आणि थोडा वेळ तुम्हीही खुर्ची सोडून बाहेर जा. हे नातेवाइकांना आवडत नाही. पण यातली काही औषधं, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड, प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढवतात. त्यामुळे मुलींची पाळी चुकते किंवा थांबते, पुरुषांची कामेच्छा कमी होते, कधी छातीतून स्राव येतो. चोवीस वर्षांचा मुलगा हे बहिणीसमोर सांगेल? तो गुपचूप गोळी टाकून देईल. औषध सोडण्याचं खरं कारण पुष्कळदा हे असतं. दोन मिनिटं डॉक्टरांबरोबर एकटा बसला तर कदाचित बोलेल, आणि त्यावर पर्याय असतात.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण लोक उगाच भीती घालतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे. तुम्ही डॉक्टरांना काही सांगायला आडकाठी नाही. डॉक्टरांनी त्याच्याबद्दल तुम्हाला किती सांगायचं, याला मर्यादा आहे. सोपा मार्ग असा की भावाने साध्या कागदावर लिहून, सही करून एखाद्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमायचा. स्टॅम्पपेपर लागत नाही. त्या व्यक्तीला उपचारांसाठी लागणारी माहिती मिळते आणि निर्णयात मदत करता येते. हा कागद तो जरा स्थिर असताना करा, आणि कुणाला नेमायचं ते त्याला ठरवू द्या. बाबांऐवजी त्याने मामाचं नाव घेतलं तर रुसवेफुगवे नकोत.

आता ती पाच मिनिटं. पाच म्हणजे तुम्ही उदार आहात, गर्दीच्या दिवशी तीनच मिळतात. सकाळी आठला केसपेपरच्या खिडकीशी रांग लागलेली असते. समोर बसलेली निवासी डॉक्टर कदाचित रात्रीची ड्यूटी करून तशीच आलेली असते. ‘दर खेपेला डॉक्टर नवीनच असतात’ ही तक्रार खरी आहे. निवासी डॉक्टर शिकता शिकता बदलत राहतात, युनिट, म्हणजे एका प्रमुख डॉक्टरांच्या हाताखालचा गट, मात्र तेच असतं. म्हणून वार बदलू नका, त्याच युनिटच्या दिवशी या. आणि आठवण केसपेपरवर सोडू नका, स्वतःकडे ठेवा. दर भेटीनंतर केसपेपरचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. पावसाळ्यात भिजून लगदा झालेले केसपेपर मी फार बघितलेत.

एक वहीचा कागद आणा. एकच, दोन्ही बाजूंनी खच्चून भरलेला नको. त्यावर काय लिहायचं? ‘खूप त्रास देतो’, ‘चिडचिड वाढलीय’ असलं लिहून उपयोग नाही. त्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. ‘सोमवारी आणि बुधवारी रात्री दोन ते पाच जागा, खोलीत फेऱ्या. एकटाच बोलतो, दिवसातून साधारण तीनदा, बहुतेक संध्याकाळी. दोन वेळा जेवतो. आठवड्यात आंघोळ दोनदा.’ असं लिहा. तारीख, वेळ, किती वेळा. याने गोळीची वेळ बदलायची की डोस, हे समजतं. सोबत गोळ्यांची पाकिटं आणा, रिकामी झालेलीसुद्धा. किती उरल्यात त्यावरून किती पोटात गेल्या याचा अंदाज येतो. घरात दुसरं काही चालू असेल, वैद्यांचं चूर्ण, जिमची पावडर, थायरॉइडची गोळी, तर तेही सांगा.

गांजाचं विचारतील, खरं सांगा. आमच्याकडे कुणी पोलिसांना फोन करत नाही. गांजामुळे आवाज आणि संशय भडकतात आणि औषधाने आलेला गुण वाया जातो. सिगारेटचंही सांगा, पण वेगळ्या कारणासाठी. ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही औषधं धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून लवकर निघून जातात, रक्तात कमी राहतात. हे निकोटिनमुळे नव्हे, धुरातल्या घटकांमुळे होतं. म्हणून तंबाखू किंवा मशेरीने तसं होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. बिडी-सिगारेट एकदम सुटली, जसं वॉर्डात भरती झाल्यावर होतं, की त्याच डोसने रक्तातलं औषध वाढतं आणि माणूस गुंगीत राहतो. सोडायचीच आहे, जरूर सोडा, फक्त डॉक्टरांना सांगून.

साइड इफेक्टमधला एक मी मुद्दाम वेगळा काढते, कारण घरचे तो हमखास चुकीचा वाचतात. गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर काही जणांना एका जागी बसवत नाही. पाय सारखे हलतात, बसतो, उठतो, दाराशी जातो, परत येतो. घरचे म्हणतात आजार वाढला, डोस वाढवा. वाढवला की हे आणखी वाढतं. ही औषधाची बेचैनी असू शकते. डॉक्टर तिला ‘अकॅथिसिया’ म्हणतात. ती असह्य असते, आणि ती कमी करता येते. भावाला विचारा, ‘डोक्यात विचार आहेत म्हणून फिरतोस, की पायच स्थिर राहत नाहीत?’ त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून आणा. मान एका बाजूला ओढली जाणं, डोळे वर चढणं, जीभ जड होणं हे दिसायला भयंकर दिसतं, पण इंजेक्शनने पटकन उतरतं. तेव्हा गुरुवारची वाट न बघता कॅज्युअल्टीत जा. आणि खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि शुद्ध हरपत चालली तर एक मिनिटही घरी थांबू नका. हे क्वचित होतं, पण जिवावर बेतणारं असतं.

वजन मात्र हळूहळू आणि चोरपावलांनी वाढतं. पहिल्याच महिन्यात वजन आणि कंबरेचं माप लिहून ठेवा, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल करून घ्या. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा, ‘साखर तपासायची का?’ या एका प्रश्नाने डॉक्टरांचं तुमच्याबद्दलचं मत बदलतं, असं मी बघितलंय. औषधांचा खर्च झेपत नसेल तर तेही सांगा, लाजू नका. काही रुग्णालयातच मिळतात, काही जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

निदानाबद्दल सरळ विचारा, ‘हे पक्कं झालंय की अजून बघताय?’ तो शब्द ऐकून घर हादरतं, आणि अर्धं हादरणं चुकीच्या समजामुळे असतं. हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये वापरात आणला, मूळ ग्रीक, ‘दुभंगणं’ आणि ‘मन’ अशा दोन शब्दांपासून. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ झालं. त्यामुळे लोकांना वाटतं की एका माणसात दोन माणसं. तसं नाही. विचार, भावना आणि वागणं यांची सांगड सुटते, एवढाच त्याचा अर्थ. रक्ताच्या तपासणीत किंवा एमआरआयमध्ये हा आजार दिसत नाही. तपासण्या करतात त्या थायरॉइड, बी-१२, फिट्स, नशा असं दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. लक्षणं किती काळ टिकली यालाही महत्त्व आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान एक महिना, अमेरिकन पद्धतीत सहा महिने. म्हणून काही डॉक्टर आधी ‘सायकोसिस’, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, एवढंच लिहितात आणि नंतर नाव बदलतात. याचा अर्थ पहिले डॉक्टर चुकले असा नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर घ्या, कुणी रागावणार नाही, पण सगळे कागद घेऊन जा आणि मधल्या काळात गोळी थांबवू नका. मुंबईत दर महिन्याला नवा डॉक्टर करत हिंडणारी घरं मी बघितलीत. दोन वर्षांनी त्यांच्याकडे फाइल जाडजूड असते आणि एकही औषध सहा आठवडे नीट घेतलेलं नसतं.

‘बरा होईल का?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि प्रत्येक डॉक्टर त्यावर काहीतरी गोलमोल बोलतो. त्यापेक्षा विचारा, ‘पुढच्या तीन महिन्यांत काय बदललेलं दिसायला हवं, आणि नाही दिसलं तर काय करायचं?’ याला नेमकं उत्तर मिळतं. साधारण क्रम असा असतो: झोप आणि आदळआपट काही दिवसांत शांत होते, आवाज आणि संशय ओसरायला काही आठवडे लागतात, आणि उत्साह, बोलणं, कामाची इच्छा सगळ्यात शेवटी परत येते, कधी अर्धवटच येते. या शेवटच्या भागाला घरात ‘आळस’ म्हणतात. तो आळस नाही. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ घेऊनही फरक नसेल तर क्लोझापीनबद्दल विचारा. ते उशिरा सुचवलं जातं, कारण त्यात सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. पण बाकी काही लागू पडत नाही तिथे तेच सगळ्यात उपयोगी. शॉकचं नाव निघालं तर घाबरून उठू नका. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो द्यायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

किती वर्षं गोळ्या? आजाराची पहिलीच खेप असेल तर बरं वाटू लागल्यावरही किमान एक-दोन वर्षं, आणि मग डॉक्टरांबरोबर हळूहळू कमी करायच्या. ‘आता चांगला आहे, बास झालं’ म्हणून परस्पर थांबवण्याची चूक फार होते. पहिल्या खेपेनंतर औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका सुमारे पाचपट आढळलाय. उलटणं एका रात्रीत होत नाही. आधी झोप जाते, मग तो जेवणाचं ताट खोलीत नेऊ लागतो, मग खिडकीला पेपर. तुमच्या भावाची स्वतःची अशी खूण कोणती, ते त्याच्याबरोबर बसून ठरवा आणि डॉक्टरांना विचारा की ती दिसली तर किती दिवसांत यायचं.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आत्या-मावश्या विचारतील. लग्न हा उपचार नाही. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही. आनुवंशिकतेचे आकडे मात्र माहीत असू द्या: सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो, आई-वडील किंवा सख्खं भावंड यांपैकी एकाला असेल तर शंभरात दहा जणांना. म्हणजे नव्वदांना होत नाही. तुमच्या मनात स्वतःबद्दलची भीती असेल, तर ती यात बसवून बघा.

बाहेरचं बघायला आई कुठे घेऊन गेली असेल, देवऋषी, भगत, तर तेही सांगा. मी कुणाच्या देवाच्या आड येत नाही. नवस करा, गोळी चालू ठेवा. पण भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे आईच्या कानावर घाला.

घरी कसं बोलायचं, हाही डॉक्टरांना किंवा आमच्यासारख्यांना विचारायचाच प्रश्न आहे. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-६० च्या दशकांत पाहिलं की रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी ज्यांच्या घरी सतत टीका, टोमणे, किंवा टोकाची काळजी होती, त्यांचा आजार जास्त वेळा उलटला. पुढच्या अभ्यासांत अशा घरच्यांबरोबर समोरासमोर आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ जाणं हेही मोजलं गेलं. हे वाचलं की मला हसूच येतं. भांडुपच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. ३५ तास तर तिथे सोमवार-मंगळवारातच भरतात! तेव्हा वेळ कमी करणं हातात नसेल तर टोमणे कमी करा. ‘शेजारच्या बाईंचा मुलगा बघ, बँकेत लागला’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याला रोज तासभर गॅलरीत, मैदानात, तलावापाळीवर, कुठेतरी एकटं असू द्या. बाबा गप्प आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना एकदा ओपीडीत घेऊन या. बापाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं, बायको-मुलीचं पटत नाही. काय करणार.

मराठीत या कामात आम्ही रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतो. शुभंकरांच्या बैठका ठाण्यात आय.पी.एच., म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, या संस्थेत होत आल्यात, पुण्यात ‘सा’, म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, हेच काम करते. भांडुपहून ठाणे तीन स्टेशनं. एकदा चौकशी करून जाऊन बसा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आयकर सवलत, हे विषय पहिल्या काही महिन्यांत काढू नका. प्रमाणपत्रासाठी लागणारं ४० टक्के अपंगत्वाचं मोजमाप नंतरही होईल, आणि तीन आठवड्यांत पोराच्या कपाळावर तो शिक्का कशाला?

एक प्रश्न मात्र तुम्ही घरीच विचारायचा, थेट: ‘जगणं नकोसं वाटतं का? आवाज तुला स्वतःला काही करायला सांगतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं, किंवा त्याने खाणंपिणं सोडलं, तर ओपीडीची तारीख विसरा, रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत न्या. त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा तुमच्या कपाटात. मध्येच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीत बोलतात. भरतीची वेळ आली आणि तो तयार नसेल, तर त्याची रीत कायद्यात आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत. अँब्युलन्सवाल्यांना पैसे देऊन हातपाय बांधून कुठल्यातरी केंद्रात टाकणं ही ती रीत नव्हे.

बुधवारी रात्री जेवणं झाली की तो कागद घेऊन भावाशेजारी बसा. तुमचं काहीही लिहायच्या आधी त्याला पेन द्या आणि म्हणा, ‘डॉक्टरांना तुला काय विचारायचंय ते वर लिही, माझं मी खाली लिहिते.’ नाही लिहिलं तर वरच्या चार ओळी कोऱ्या सोडा, आणि कागद तसाच घेऊन या.